ताईच्या वळणापलीकडचं टोक

माझी ताई हायवेच्या कामावर झेंडा दाखवायची. हसू नका, सोपं नाही ते. अर्धा रस्ता खणलेला, गाड्यांना एकच पट्टा. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला तिचा दीर, मध्ये वळण. एकमेकांना दिसायचे नाहीत. म्हणून ताई तिच्या बाजूच्या शेवटच्या गाडीवाल्याकडे लाल दांडकं द्यायची. ते हातात पडल्याशिवाय दिराने त्याची बाजू सोडायची नाही.

त्याला तिथे चिकटवलं तिनेच. साहेबांच्या किती विनवण्या केल्या होत्या!

ताई नुसती झेंडा हलवणारी नव्हती. किती मिनिटं थांबायचं ते पाटीवर लिहायची, सगळ्यांना इंजिन बंद करायला लावायची, जिकडे रांग मोठी तिकडे जास्त वेळ द्यायची. महिन्याभरात रांगा निम्म्यावर आल्या, धुराने डोळे चुरचुरायचे थांबले. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून तू मुकादम, कायमची.

त्या दुपारी हॉर्नच्या कलकलाटाला वैतागून दिराने दांडकं यायच्या आतच बाजू सोडली. वळणावर जीप टेम्पोवर आदळली. टेम्पोमागे शेवटचा ट्रक होता, दांडकं त्याच्याकडे. जीपवाल्याचा खांदा मोडला, दोन तास सगळं ठप्प. आवाज ऐकून ताई वळणावर धावली, तर दीर गाड्यांच्या गर्दीत शिरताना दिसला. जखमीला सोडवायला गेला, असं वाटून ताईला बरं वाटलं. वेडी कुठली!

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये त्याने दांडकं टेबलावर ठेवलं. म्हणाला, "हे आधीच आलं होतं. वहिनीने चुकून मधल्याच गाडीला दिलं." गर्दीत ट्रकवाल्याकडून काढून घेतलं होतं मेल्याने! ट्रकवाला केव्हाच निघून गेलेला, नंबर कोण लिहून घेतंय? ताई जीव तोडून सांगत राहिली. साहेबांनी तिचं जॅकेट तिथेच उतरवून घेतलं.

घरी येऊन तिने हे सगळं सांगितलं. मी तिथेच होते. वाटलं, ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, आता उठून भावाच्या कानाखाली वाजवणार. ते जेवत राहिले.

"त्याने तिथूनच मला फोन केला होता," ते म्हणाले. "दांडकं काढून घे, असं मीच सांगितलं. त्याचं अजून सगळं व्हायचंय. तू काय, घरातलीच आहेस."

अकरा वर्षांचा संसार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई माझ्याकडे वळली.

"तुझ्याकडे जागा आहे का गं?"

मी तिचे कपडे पिशवीत भरायला घेतले.