खाली ऐकू येईल का?

हार्ड डिस्क घ्यायला जाऊन हरिप्रिया टीचरने दुकानदाराला जे विचारलं, ते तंजावुरात तोवर कुणी विचारलं नसेल.

दुकान प्रतापसिंहाचं. झेरॉक्सच्या यंत्रामागे एक लांब टेबल टाकून तो कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. त्या दिवसांत गावाला कॉम्प्युटरचं नुसतं वेड लागलं होतं. ज्याचा त्याचा मुलगा अमेरिकेत, नाहीतर अमेरिकेच्या वाटेवर. आणि दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, सगळ्यात फास्ट कुठला? ही बाई मात्र टेबलावरच्या दोन्ही डिस्क न्याहाळत बसली आणि म्हणाली, "जरा पंखा बंद करता का?"

चित्तिरै, म्हणजे आपल्या चैत्रातला उन्हाळा, पण प्रतापसिंहाने पंखा बंद केला. टीचरने पदर खोचला आणि टेबलाशी कान नेला. पहिली डिस्क सुरू झाली तशी बारीक सुरात घुमायला लागली, आणि काम दिल्यावर आत कुणी सुपारी कातरावी तशी कटकटली. दुसरी सुरू झालेली कळलीच नाही.

"ही पहिली खाली ऐकू येईल का?"

"खाली म्हणजे कुठं?"

"मी माडीवर राहते. खाली घरमालक असतात."

प्रतापसिंह हसला. "टीचर, ही हार्ड डिस्क आहे, भाताची गिरणी नव्हे. मध्ये सिमेंटचा स्लॅब आहे की."

"दुपारी आमच्या गल्लीत अगदी सामसूम असते," ती म्हणाली.

त्याने परोपरीने सांगून पाहिलं. तुमचं काम पुस्तकांची पानं लावायचं, चित्रांच्या मोठमोठ्या फाइली. ही बिनआवाजाची हळू चालते, ही घेतलीत तर एकेक फाइल उघडेपर्यंत कॉफी पिऊन याल. भाव तर सारखाच, मग मुद्दाम सावकाश वस्तू कशाला घेता? टीचरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मी थांबेन," ती म्हणाली. "मला घाई नाही." आता अशा गिऱ्हाइकाशी काय डोकं फोडायचं? त्याने हळू डिस्क बसवून दिली.

हरिप्रिया ओरत्तनाडूच्या एका शाळेत गणित शिकवायची. सकाळी बसने जायची, दुपारी परत यायची, आणि मग चेन्नईच्या एका प्रकाशकासाठी गणिताच्या गाइडांची पानं लावून द्यायची. लग्न झालेलं नव्हतं. का नाही झालं, याची कारणं गल्लीतल्या बायकांनी आपापल्या परीने शोधून ठेवली होती. खरं कारण इतकंच की ज्या वयात कुणीतरी मनावर घ्यायला हवं होतं त्या वयात वडील गेले आणि नंतर कुणी मनावर घेतलंच नाही. मग ती भावाच्या घरी राहिली. या भावाची, रघुपतीची, पोरं तेव्हा तान्ही. आत्या, म्हणजे ही, घरात आली की वहिनी तोंडावर बोट ठेवायची. कडी वाजवू नको, भांडं आपटू नको, आत्ताच डोळा लागलाय. बिचारी कडी दोन बोटांत धरून लावायला शिकली. पोरं मोठी होऊन शाळेत जायला लागली, तरी वहिनीचं बोट काही तोंडावरून उतरलं नाही. शेवटी ही स्वतःच बाहेर पडली.

बाहेर तरी काय वाट्याला आलं? मेडिकल कॉलेजकडच्या पहिल्या खोलीत खालच्या बाईंना हिच्या खुर्ची ओढण्याचा आवाज सोसेना. दुसऱ्या ठिकाणी कुकरच्या शिट्टीवरून बोलणं झालं. दोन्ही वेळा सामान उचलावं लागलं. खरं म्हणजे एकटी बाई डोळ्यांत खुपते, आणि तसं तोंडावर सांगता येत नाही म्हणून लोक कुकरवर घालतात. पण हिने ते मनाला लावून घेतलं. आपला आवाज झाला की आपल्याला घालवतात, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसली.

आणि मग ही माडी मिळाली. राजवाड्यामागच्या गल्लीत, सीतारामराव आणि राजम मामींचं घर. आपलीच तंजावुरी मराठी माणसं. त्यांचा एकुलता एक श्रीकर कॅलिफोर्नियात नोकरीला गेला आणि वरचा मजला रिकामा पडला होता. मामा रेव्हेन्यू खात्यातून रिटायर झालेले, मामी दिवसभर घरात. या खोलीत दोन खिडक्या होत्या, वारा होता, गच्चीचं एक टोक होतं; पण हरिप्रियाचा जीव अडकला तो वेगळ्याच गोष्टीत. खालून आपली भाषा ऐकू यायची. "औषध घेतलंत की नाही?" "घेतो गे, किती मागं लागतीस." "पंखा बंद करा की, कुणासाठी फिरतोय?" तमिळात दिवस काढून घरी आलं की माडीच्या जिन्यातच हे कानावर पडायचं. आई गेल्यापासून घरातलं हे बोलणं तिने ऐकलं नव्हतं. भावाच्या घरात तमिळच चालायचं. काम करता करता ती मध्येच थांबायची आणि खालचं भांडण संपेपर्यंत ऐकत राहायची. ही खोली हातची जाऊ नये, दुसरं काही तिला आयुष्याकडून नको होतं.

म्हणून तिने काय काय केलं म्हणता? टेबलाच्या आणि खुर्चीच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. पैंजण काढून ठेवले. भात उघड्या पातेल्यात शिजवायची, म्हणजे शिट्टीचा प्रश्नच नको. स्टीलचे डबे फडक्यावर ठेवायची. रेडिओ घेतला नाही, टीव्हीचं नाव काढलं नाही. खोकला आला तर उशीत तोंड घालायची. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याखाली जुन्या कांबळ्याची घडी. डिस्क अगदी प्रतापसिंहाने सांगितल्यासारखीच निघाली. आकृत्यांचं पान उघडायला घ्यावं आणि नुसतं पडद्याकडे बघत बसावं. प्रकाशकाचा फोन शेजारच्या बूथवर यायचा, टीचर, पानं कधी? ती म्हणायची, होतायत. आणि समाधानाने परत वर येऊन बसायची.

महिन्याच्या सुरुवातीला भाडं द्यायला खाली गेली की मामी कधीकधी हॉलमधल्या झोपाळ्यावर बसलेल्या असायच्या आणि छताकडे बघत असायच्या. हरिप्रिया घाईने पैसे ठेवून जिन्याकडे वळायची. काय ऐकू गेलं असेल? परवा पंचपाळं पडलं, ते तर नसेल? वर जाऊन ती आणखी जपून वागायची. अहो, तोंड उघडून एकदा विचारावं की नाही, मामी, काय बघताय? पण विचारलं तर उत्तर मिळणार, आणि उत्तराचीच तिला भीती.

एकदा नवरात्रात मामींनी हळदीकुंकवाला बोलावलं. मामी नऊवारी नेसून बसल्या होत्या, बायकांचा घोळका होता, उकडलेल्या चण्यांचं सुंडल वाटणं चाललं होतं. हरिप्रिया कोपऱ्यात बसली. विडा देताना मामी म्हणाल्या, "तू कधी येतीस, कधी जातीस, काही कळतच नाही गे." मामी हे हसत म्हणाल्या नव्हत्या. पण हरिप्रियाला ऐकू आली ती शाबासकी. तो विडा तिने वर नेऊन किती वेळ तसाच हातात धरला. आयुष्यात पहिल्यांदा एका घरमालकिणीने तिला पास केलं होतं. पुढचे कित्येक दिवस बसमध्ये ते वाक्य आठवून ती स्वतःशीच हसायची.

पोंगल झाल्यावर एका रविवारी सीतारामराव माडीवर आले. कधी न येणारा माणूस. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दाराची चौकट धरून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "शाळेच्या परीक्षा आटोपल्या की दुसरी जागा बघशील का, हरिप्रिया?"

तिच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे, "माझा आवाज आला का, मामा?"

"छे छे. आवाज कसला." मामा आणखी अवघडले. "तुझी काही तक्रार नाही. तुझ्या मामीलाच विचार तू."

ती मागोमाग खाली गेली. मामी झोपाळ्यावरच होत्या. त्यांनी तिला शेजारी बसवलं, तिचा हात हातात घेतला. एवढ्या दिवसांत त्या दोघी इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या.

"तुझं काही चुकलं नाही गे," मामी म्हणाल्या. "कुंभकोणमहून एक कुटुंब येतंय. दोन मुलं आहेत, सासू आहे. मुलं दंगा करतात म्हणून त्यांना कुणी घर देईना. मीच यांना म्हटलं, आपण देऊ."

मामींनी पायाने झोपाळ्याला हलका झोका दिला.

"श्रीकर वर अभ्यासाला बसायचा तेव्हा सारखं काहीतरी वाजायचं. खुर्ची ओढायचा, रेडिओ लावायचा, चेंडू आपटायचा. मी खालून ओरडायची. तो गेला आणि घर बंद पडलं बघ. तू राहायला आलीस तेव्हा मी यांना म्हटलं, आता वर माणूस येतंय, बरं वाटेल. मी इथं बसून वाट बघायची, कधी पाऊल वाजेल, कधी भांडं पडेल. छताला कान लावून बसायची म्हण ना. पण तू आहेस की नाहीस तेच कळत नाही. हे दुपारी झोपतात, मी एकटी. वर कुणी राहतंय असं वाटायला हवं गे मला. या वयात दुसरं काय मागू?"

एक वाक्य पुरलं असतं. मामी, मी तुमच्यासाठीच गप्प बसले. मामी, मीही वर बसून तुमचंच ऐकत होते. शब्द अगदी ओठाशी आले होते, आपल्या भाषेतले, ज्यांचं भाषांतरसुद्धा करावं लागणार नव्हतं. पण ज्या बाईने जन्मभर गळा दाबून धरला तिला तो ऐन वेळी मोकळा कसा करता यावा? "बरं मामी," एवढंच ती म्हणाली. मामींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. गुणाची पोर, त्या म्हणाल्या.

वर आल्यावर तिने एक वेडेपणा केला. खुर्ची धरली आणि सगळा जोर लावून फरशीवरून ओढली. रबरावरून खुर्ची निमूट सरकली. मग टाच आपटून पाहिली, तर पाय आपोआप शेवटच्या क्षणी हळू झाला. प्रतापसिंहाकडे जाऊन ती घुमणारी डिस्क बसवून आणावी, असंही मनात आलं, आणि स्वतःच्याच मूर्खपणाचं हसू येऊन तिने तोंडावर हात ठेवला. हाताआड हसता हसता ती रडायला लागली, आणि तेही खाली ऐकू गेलं नाही.

परीक्षा संपल्या. नोकरी करणाऱ्या बायकांच्या एका हॉस्टेलात जागा मिळाली. जायच्या दिवशी सकाळी ती दोघांच्या पाया पडली, मामींनी ओटीत नारळ घातला, आणि कपडे, पुस्तकं, भांडी घेऊन ऑटो गेली. कॉम्प्युटर त्या फेरीत मावला नव्हता. त्यासाठी ती दुपारी ऑटोवाल्याला घेऊन परत आली, तेव्हा खालचं दार लोटलेलं होतं. मामांची झोप मोडू नये म्हणून ती चपला काढून जिना चढली.

पण ऑटोवाल्याला कुणी काय शिकवलं होतं? तो दणदणा पाय आपटत वर गेला, मॉनिटर उचलला, उतरताना कठड्यावर आपटला, मोठ्याने कुणाला तरी शिवी घातली. दाराचं एक फळकुट वाऱ्याने धाडकन भिंतीवर आदळलं. कॅबिनेट घेऊन तो दुसऱ्यांदा उतरला तेव्हा ते पायरीवर टेकवलं की पाडलं कुणास ठाऊक, सगळा जिना हादरला. हरिप्रिया कीबोर्ड छातीशी धरून मागोमाग येत होती. जिन्याच्या वळणावर पोचली आणि खालचं दार उघडलं.

"आलात का?" मामींचा इतका उल्हसित आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. "संध्याकाळी येणार म्हणालात ना? या, या. मुलं कुठायत? चढू दे त्यांना, पळू दे. इथं कुणी काही म्हणायचं नाही."

मामी पदराला हात पुसत जिन्याच्या पायथ्याशी आल्या, चेहरा उजळलेला, आणि त्यांनी वर पाहिलं.

"नाही मामी," हरिप्रिया म्हणाली. "अजून मीच आहे."