आत्याच्या न्हाणीघराची ट्रायल

माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि उतारवयात न्हाणीघर शिवायला घेतलं. शिवायला म्हणजे खरोखरच. आधी माप, मग कागद, मग कच्चे टाके.

आमचं न्हाणीघर जिन्याखाली. दारात माणूस ताठ उभं राहतं, पण पुढे छत उतरत उतरत पार गुडघ्यापर्यंत येतं. त्या तिरक्या बोळकांडीत फुटक्या बादल्या आणि झिजलेले खराटे सुखाने नांदत होते. गेल्या वर्षी आत्या तिथेच घसरून पडली. उजवा खांदा दुखावला, मग बरा झाला. निदान ती तसं म्हणाली. मी मात्र फर्मान काढलं की आतून कडी लावायची नाही आणि आंघोळीला मी सोबत येणार. ती रोज धुसफुसायची.

"मेल्यावर घाल हवी तेवढी आंघोळ! जिवंतपणी मला कडी पाहिजे."

शेवटी आमचा करार झाला. न्हाणीघर नीट करून घ्यायचं, आणि माझा हात न धरता तिला तिथे उठता-बसता आलं तर कडी तिची.

गवंडी आला, वाकून बघून म्हणाला, "ही तिरकी जागा भिंत घालून बंद करू. कामाची नाही."

"कात्रण कधी फेकायचं नसतं," आत्या म्हणाली. "कात्रणाचाच खिसा होतो."

दुसऱ्या दिवशी तिने कपड्यांचे नमुने कापायचा खाकी कागद काढला आणि मी हातातली कामं टाकून उंबऱ्यावर बसले. मला बघायचंच होतं. बादलीचा कागद गोल, बसायच्या कट्ट्याचा लांबट, आणि एक चमत्कारिक, वाटाण्याच्या शेंगेसारखा.

"हे काय गं?"

"माझं कोपर. डोकं चोळताना एवढं फिरतं. त्याला जागा नको?"

कागद फरशीवर सरकवत सरकवत तिने कट्टा नेमका उतरत्या छताखाली नेला. "जिथे कुणाला उभं राहता येत नाही, तिथे बसावं. त्यात काय एवढं!" इतकी वर्षं आम्ही तिथे खराटे कोंबत होतो, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग भिंतीवर खडूच्या खुणा झाल्या. इथे तांब्याचा कोनाडा, इथे धरून उठायचा दांडा. प्रत्येक खूण करताना ती मला तिच्या धंद्यातलं काहीबाही सांगत होती.

"माप देताना प्रत्येक जण पोट आत घेतो बघ. भल्याभल्यांना चुकलं नाही. म्हणून मी दोन बोटं सैल धरते."

सिमेंट कालवायच्या आधी तिने गवंड्याला कोरड्या विटा रचायला लावल्या. तिला ट्रायल घ्यायची होती.

"आत्याबाई, ट्रायल कपड्यांची असते हो!"

"मग कपडे घालूनच घेते की."

ती विटांवर बसली. डोकं छताला लागलं नाही, कोपर भिंतीला लागलं नाही. मी मनातल्या मनात हार मानली. मग दांड्याच्या खुणेकडे तिने उजवा हात उचलला. हात खांद्यापाशी आला आणि थांबला. तिने डाव्या हाताने कोपर वर ढकललं. तरी खूण वरच राहिली. गवंडी आपली थापी निरखत बसला.

त्या खुणा घसरून पडण्याआधीच्या आत्याच्या मापाच्या होत्या. मला आधी राग आला. वर्षभर मी तिचं अंग पुसत होते, आणि हा हात मला दिसला नाही? तिने दाखवलाच नव्हता.

"आत्या, तू पोट आत घेतलंस."

गळ्यातली मापाची टेप काढून तिने माझ्या हातात दिली. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारी ती बाई माझ्यापुढे हात सैल सोडून बसली. मी मोजत गेले, भिंतीवरच्या खुणा एकेक करून खाली आल्या.

"गेली ना कडी?" तिने विचारलं.

"ट्रायल संपलीय कुठे?"

गवंड्याने नव्या खुणेवर लाकडाचा दांडा घट्ट धरला. आत्याने तो पकडला, तोंडाने काहीतरी पुटपुटली आणि उठली. मी हात मागे बांधून उभी होते. ते मला फार जड गेलं.

काम पुरं झालं, नवं दार बसलं. गवंड्याने विचारलं, "कडी वर लावू ना? जुनी होती तिथे?"

आत्याने दारावर हात ठेवला. कमरेपेक्षा जरासा वर. "इथे."

जुनी कडी दाराच्या अगदी वरच्या टोकाला होती, आणि इतकी घट्ट की दोन्ही हात लागायचे. म्हणजे मी फर्मान काढलं नसतं तरी तिला ती लावता आली नसती. हात पोचत नाही हे कबूल करण्यापेक्षा तिने वर्षभर माझ्याशी भांडण पत्करलं होतं.

पहिल्या आंघोळीला ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मी सवयीने टॉवेल घेऊन दाराशी उभी. आत पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. मला राहवेना.

"आत्या, टॉवेल राहिलाय. देऊ?"

"थांब," आतून आवाज आला. "मी उघडेन, तेव्हा दे."