चमचाभर माती

पैठणजवळच्या आमच्या शेतात त्या बाई एकदाच आल्या. साठीच्या असाव्यात. मला विचारून त्यांनी बाभळीखालची चमचाभर माती उकरली, हुंगली, पिशवीत भरली आणि एवढासा खड्डाही तळव्यानं नीट बुजवला. मातीतल्या सूक्ष्म जिवांपासून औषधं शोधायची, हेच त्यांचं छत्रपती संभाजीनगरातल्या प्रयोगशाळेतलं जन्मभराचं काम होतं.

माझे वडील तेव्हा दवाखान्यात होते. पायाच्या जखमेला कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. मी अधीर होऊन विचारलं, "मॅडम, सापडलं का एखादं?"

"एक सापडलं होतं. रोगाचे जंतू पटापट मरायचे. अकरा वर्षं त्याच्यामागं होते. मग ते देऊन पाहिलेल्या उंदरांची मूत्रपिंडं बिघडायला लागली."

"मग वं?"

"मीच लिहून दिलं, हे माणसाला देऊ नका."

"लई वाईट वाटलं असंल."

"रडले ना. दुसऱ्या दिवशी नवी माती आणायला गेले."

पुढं वडिलांचा पाय कापावा लागला, पण ते वाचले. आता त्यांना गोळी देताना वाटतं, ही हातात येण्याआधी कुणीतरी रडत रडत कितीतरी गोळ्यांना नाही म्हटलं असणार.