कोकमाची बिअर

"नाक झकास आहे रे तिचं. पण तोंड कुठंय?"

मी थंड खोलीच्या दाराआड उभी होते, हातात बिअरच्या पिंपांना लावायच्या पट्ट्या. बोलणारे होते आमचे ब्रूअर, म्हणजे जे बिअर बनवतात ते. ऐकणारा होता काउंटर सांभाळणारा माझा सहकारी.

"चव बघायला ठेवलंय ना तिला? मग काय लागतं ते सांगायला नको? महिनाअखेरीपर्यंत बघतो. नाहीतर परत स्टॉकला बसू दे."

"बोलेल रे. लाजते ती."

"बिअर थांबते का तिच्या लाजण्यासाठी?"

मला राग आला नाही. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त स्टॉकला मला परत बसायचं नव्हतं.

आमची ब्रूअरी अंधेरी पूर्वेला, एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आहे. मागे स्टीलच्या टाक्या, पुढे बसायला टेबलं. मी फूड सायन्स शिकून इथे स्टॉकला, मालाच्या नोंदी ठेवायला, लागले होते. एकदा एका पिंपापाशी "लोण्याचा वास येतोय" असं माझ्या तोंडून निघून गेलं. लोण्याचा वास म्हणजे बिअर पुरती पिकलेली नाही. तपासलं तर खरंच निघालं. तेव्हापासून मी चव बघणाऱ्यांत, तात्पुरती. घरी चारकोपला बाबांना सगळं माहीत आहे. आई शेजारी "ड्रिंक्सच्या कंपनीत" असं सांगते आणि लगेच समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करते.

रोज सकाळी आम्ही एका टेबलाभोवती उभे राहतो. वास घ्यायचा, घोट घ्यायचा, एकेकाने बोलायचं. बोलायचे शब्द ठरलेले: क्रिस्प, ड्राय, फ्रूटी. माझी शाळा पहिल्यापासून इंग्रजी, तेव्हा शब्दांची अडचण नव्हती. अडचण ही, की घोट जिभेवर गेला की मला पहिल्यांदा आमचं स्वयंपाकघर आठवतं, आणि ते त्या टेबलावर कसं बोलायचं? बरा शब्द सापडेपर्यंत माझी पाळी यायची. मी म्हणायचे, "सेम."

आता लिहितेच आहे तर आमच्या नेहमीच्या चार बिअरचं सांगून टाकते. लागर प्यायले की मला तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या तांदळाच्या भाकरीचा वास येतो. घोट गिळला की मागे काही राहत नाही, तोंड स्वच्छ. लोक तिला साधी म्हणतात, पण तिच्यात चूक लपवायला जागाच नसते, म्हणून ती बनवायला सगळ्यात अवघड. गव्हाची बिअर ढगाळ असते आणि ती थेट सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आहे: पिकलेलं केळं आणि वर एक लवंग. यातलं काहीही तिच्यात घातलेलं नसतं, सगळी यीस्टची करामत. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी गाळ्यात केळ्यांचा घड शोधला होता. आयपीए म्हणजे मोसंबी सोलताना सालीतून डोळ्यात उडतो ना, तो फवारा. मग कडूपणा येतो आणि जिभेच्या मागे मांडी घालून बसतो. लोक एकतर तोंड वाकडं करतात किंवा दुसरा ग्लास मागवतात, मधलं कोणी नाही. आणि स्टाउट काळीकुट्ट. वाटपासाठी भाजलेलं खोबरं करपायच्या जरा आधी जसा वास देतं तशी. तिच्या रंगाला लोक उगाच घाबरतात. प्यायला ती चांगली हलकी असते.

त्या महिन्यात एक नवीन आली होती. जर्मनीत गोझा नावाचा एक प्रकार आहे, गव्हाची आंबट बिअर, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. आमच्या ब्रूअरनी तीत कोकमाचं आगळ घातलं. ते स्वतः मालवणकडचे, मुलुंडला वाढलेले. या बिअरबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. आधी एक छोटी टाकी करून बघितली होती. चांगली झाली तर उन्हाळ्यासाठी मोठी टाकी लावायची. मालकांनी मात्र बजावलं होतं, की ही पडली तर पुढे प्रयोग बंद, लागर आणि गव्हाची करत बसा.

टेबलावर सगळे म्हणाले, "नाइस." "रिफ्रेशिंग." मी म्हटलं, "सेम."

पण ती सेम नव्हती. रंग सुरेख, वास सुरेख, आणि घोट जिभेवर सपाट पडत होता. काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते मला सापडत नव्हतं, आणि सापडलं असतं तरी मी बोलले असते असं नाही. आमच्याकडे केलेल्या पदार्थाला नावं ठेवत नाहीत. ज्याने केलं तो समोर उभा असेल तर नाहीच नाही. मुकाट्याने खायचं आणि "छान झालंय" म्हणायचं.

शनिवारी दुपारी, दार उघडायच्या आधी, ब्रूअर आपल्या आईला घेऊन आले. सोबत आईच्या दोन मैत्रिणी, सकाळी एकत्र फिरायला जाणाऱ्या. एकींच्या गळ्यात दोरीला चष्मा, दुसऱ्यांच्या पायात साडीखाली मोठे पांढरे बूट.

"आईने पास केली की सोमवारी मोठी टाकी," ब्रूअर मला म्हणाले. "तू वाढ त्यांना. आणि दोन शब्द सांग जरा."

मी लाकडी ट्रेमध्ये छोटे ग्लास लावले, फिकटपासून गडदपर्यंत, आणि कोकमाची शेवटी. मध्ये खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी ठेवली. दोन शब्दांऐवजी मी ट्रेच त्यांच्यापुढे सरकवला.

"एवढुश्शी?" चष्मेवाल्या म्हणाल्या. "तीर्थ देतेस की काय गं?" आणि खरंच त्यांनी डावा हात खाली धरून उजव्याने ग्लास उचलला.

"आज उपास नाही ना कोणाचा?" बूटवाल्यांनी विचारलं. "माझा सोमवार असतो, सुटले."

"उपासाला चालते का गं ही?"

"ती गव्हाची आहे," मी हळूच म्हटलं.

"मग नाही चालणार. बघ, काही नियम आहेत की नाही!"

ब्रूअरच्या आई हसून हसून डोळे पुसत होत्या. लागरला त्या म्हणाल्या, "ही आमच्या ह्यांची." गव्हाच्या बिअरचा वास घेऊन चष्मेवाल्या ओरडल्या, "अगं, हा तर शिरा!" मी इतकी दचकले की ट्रे हलला. माझ्या डोक्यातला शब्द भर दुपारी कोणीतरी मोठ्याने बोललं होतं आणि काहीही बिघडलं नव्हतं. आयपीएला बूटवाल्यांनी असा चेहरा केला की काउंटरवरच्याने मागे तोंड फिरवलं. "ह्यापेक्षा माझा काढा बरा रे बाबा!" स्टाउट तिघींनी वाटून संपवली.

मग कोकमाची.

"छान आहे," आई म्हणाल्या.

"छानच आहे. रंग काय गोड आलाय!"

"हो ना. छान केलीयेस हो बाळा."

मी त्यांच्या चेहऱ्यांकडे नाही, हातांकडे बघत होते. माणसांशी बोलता येत नसलं की हात बघायची सवय लागते. चार बिअर होईपर्यंत शेंगदाण्यांना कोणी बोट लावलं नव्हतं. आता वाटी रिकामी होत होती. एक घोट, दोन दाणे. एक घोट, दोन दाणे. आईंनी तर दाणा उचलायच्या आधी वाटीच्या तळाला बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. अगदी सहज, गप्पा मारता मारता.

आमच्या घरी आमटी अळणी झाली की सगळे असंच करतात. कोणी काही म्हणत नाही. ताटात डाव्या बाजूला वाढलेलं मीठ बोटाने घेतात आणि जेवतात. करणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आई नंतर स्वतः जेवायला बसते तेव्हा पहिल्या घासाला तिला कळतं, आणि ती म्हणते, "सांगायचं नाही का रे कोणी?"

इथे तिघी जणी तेच करत होत्या. आणि सोमवारी मोठ्या टाकीत ही अशीच ओतली जाणार होती, भर उन्हाळ्यासाठी, आणि लोकांच्या टेबलावर काही आमच्या काकू आणि मावश्या बसणार नव्हत्या. येणारी गिऱ्हाइकं एक ग्लास पिऊन गुपचूप लागर मागवणार होती.

"मग ठरलं," ब्रूअर टाळी वाजवून म्हणाले. "आई पास म्हणाली. सोमवारी मोठी टाकी!"

"सर," मी म्हटलं.

इथे सगळे त्यांना अरे-तुरे करतात. मी एकटीच सर म्हणते, आणि तेही इतक्या हळू की त्यांना सहसा ऐकू जात नाही. आत्ता गेलं. ते वळले. तिघी काकूही वळल्या. काउंटरवरच्याने हातातला ग्लास पुसणं थांबवलं.

"काय गं?"

"काही नाही" हे दोन शब्द ओठांवर तयार होते. ते मला नेहमीच तयार सापडतात. मी आईंकडे बघितलं. त्यांचं बोट अजून वाटीत होतं. त्यांनी माझी नजर पाहिली, बोट काढलं, आणि लहान मुलीसारख्या लाजल्या.

"बोल की," ब्रूअर म्हणाले.

कान इतके तापले होते की माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला, पण चांगला मोठा आला.

"सर, सोमवारी नका लावू टाकी. मीठ कमी पडलंय. ह्या तिघींनी ते शेंगदाण्यांवरून घेतलं, म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं नाही."