कुठलं वारं?

डॉ. मालतीबाई साळवे यांच्याशी माझा परिचय माझ्या एका चुकीतून झाला. बाईंच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'चांगलं तेवढं लिहा' असं बजावलं आहे. पण ती चूक वगळली, तर बाईंविषयी सांगण्यासारखं निम्मं राहूनच जाईल.

पाथर्डीला त्यांच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला लागलो, त्याचा तो तिसरा दिवस होता. बाजारामुळे गर्दी होती. ऊसतोडीला जाणारे म्हातारदेव पत्नी कौसाबाईंना जीपमधून घेऊन आले आणि म्हणाले, "मालकिणीला वारं आलंय, आत्ताच." जुन्या केसपेपरवर पोटदुखीची नोंद होती, कौसाबाईंचा हातही पोटाशी होता. मी नगर शहरात वाढलेला. पोटात वारं धरतं, एवढंच मला ठाऊक. 'गॅस' असं लिहून मी त्यांना रांगेत बसवलं.

बाईंची एक सवय होती. थोड्या थोड्या वेळानं बाहेर येऊन त्या रांगेतला प्रत्येक चेहरा पाहायच्या. कौसाबाईंपुढं त्या थांबल्या. "कौसाबाई, हसा बरं. आता दोन्ही हात वर करा." तोंड वाकडं झालं. एक हात वर गेला, दुसरा अर्ध्यातूनच खाली पडला. अंगावरून वारं जाणं, म्हणजे लकवा, तो हा. पाचच मिनिटांत जीप नगरच्या वाटेला लागली.

कौसाबाई वाचल्या, हातही बराचसा परत आला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "तो शब्द तुम्हाला सांगायचा राहिला, ही चूक माझी. बसा, काम पडलंय." त्या दिवसापासून आमच्या केसपेपरवर पहिला प्रश्न आला: कुठलं वारं? पोटातलं की अंगावरलं?

पुढं कौसाबाईंच्या पोटाची दुर्बीण टाकून तपासणी झाली आणि जठरात जंतू सापडला. म्हातारदेवांनी लगेच गाठ मारली. "बाई, पोटातलंच वारं अंगावर आलं म्हना की!" बाईंनी 'हो' म्हटलं असतं, तर सगळ्या तालुक्याला पटलं असतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. वाचून सांगते."

तीन आठवडे त्या वाचत होत्या. मग त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवलं. "या जंतूचा आणि लकव्याचा संबंध असावा, असं काही संशोधक म्हणतात. काहींना तो दिसत नाही. जंतूमुळंच लकवा होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण तुम्हाला आता बीपीच्या गोळीबरोबर रक्त पातळ करायचीही गोळी चालू आहे, त्यात जठराला जखम नको. म्हणून जंतूचं औषध पुरं घ्यायचं."

"मंग जंतू मेला की बीपीची गोळी बंद ना?"

"अहो म्हातारदेव, जंतू मेला म्हणून बीपी मरत नाही! कारखान्यावर जाताना गोळ्या आधी बांधायच्या, भांडीकुंडी मागून."

हे ऐकून एका बातमीदारानं 'पोटातल्या जंतूनं लकवा' असा मथळा मागितला, फोटोसकट. बाईंनी त्याला चहा पाजला आणि मथळा दिला नाही. 'माहीत नाही' हे एवढ्या ताठ मानेनं म्हणणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा फार अभिमान वाटतो. कौसाबाई दर वर्षी तोडीवरून परतल्या, की रिकामी पाकिटं पुढं करतात. "मोजा बाई, एक न्हाई चुकली."

गेल्या महिन्यात बाई खुर्चीत टेकल्या आणि पुटपुटल्या, "जरा वारं आलंय हो." मी पेन ठेवून त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"कुठलं वारं, बाई? हसा बरं. दोन्ही हात वर करा."

"अहो, सकाळची वाटाण्याची उसळ!" म्हणून त्या खळखळून हसल्या. तरी मी हललो नाही. तेव्हा पंचाहत्तरीच्या बाईंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात वर केले. ते अगदी सारखे होते. ते हात असेच, बरोबरीनं, पुष्कळ वर्षं वर जात राहोत. मी विचारत राहीन.