चाचीच्या अंगणातला खजूर

मे महिन्याच्या भर उन्हात खजूरचाचा झाडाला छत्र्या बांधायचे. शिडी लावायची, फळांच्या एकेका घोसावर काळी छत्री उघडायची आणि सुतळीनं आवळायची. आमच्या पनवेलच्या गल्लीत नवा माणूस आला की आधी त्या झाडाकडे बघायचा आणि मग शेजारी म्हणून माझ्याकडे. "पावसाची तयारी," मी सांगायचे. आभाळात तेव्हा ढगाचा पत्ता नसायचा.

चाचांची उमेदीची वर्षं आखातात गेली. दर सुट्टीत चाचीसाठी खजूर यायचा आणि चाचा परत जायचे. कायमचे आले तेव्हा त्यांनी तिकडच्या बिया अंगणात रुजवल्या. दोन झाडं जगली, एक नर, एक मादी. नराच्या फुलांची भुकटी चाचा स्वतः वर चढून मादीच्या फुलांवर झटकायचे. फळं धरायची, पिवळी व्हायची आणि अगदी पिकायच्या बेतात पाऊस यायचा. छत्र्या असूनही दमट हवेनं सगळा घोस आंबून काळा पडायचा.

"झाड कुठं पण जगतं," ते म्हणायचे. "फळ पिकलं तर तो त्याचा मुलूख." हे त्यांचं शास्त्र. एकदा आम्ही सगळे पुण्याला गेलो, तर घाट चढताना माड कुठं विरळ होतात तेच खिडकीतून बघत बसले. उरणला चाचीच्या माहेरी जाताना खाडीतली तिवरं दाखवायचे. "याला खारं आवडतं म्हणून हितं हाय, असं नाय. गोड्या जाग्यावर बाकीची झाडं याला उभं करत नाय. हितं दुसरं कोण टिकत नाय, म्हणून याचं राज्य."

"आणि तुमचा खजूर?" मी चिडवायचे.

"त्याला थंडी चालते, खारं पाणी पण चालतं. फळ पिकताना तेवढा पाऊस नको. एवढंच मागतो बिचारा."

"पनवेलात येऊन एवढंच मागतो!" चाची आतून ओरडायची. "बाजारात ढीग लागलाय खजुराचा."

"बाजारातला दिला की इतकी वर्षं. एक हिच्या अंगणातला खायला घालायचाय." याच्यापलीकडे चाचांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग चाचीच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी जे जे बंद केलं त्यात खजूर पहिला. चाचांनी तरी छत्र्या बांधल्या. का, ते मी विचारलं नाही. त्या वर्षी पाऊस लांबला. गल्लीत पाण्याचे टँकर येत होते, आणि चाचांच्या झाडावर मूठभर खजूर पिकला.

ते बशी घेऊन आत आले तेव्हा मी चाचीच्या खाटेशी बसले होते. तिनं एक उचलला, दाबून पाहिला आणि चाचांच्या हातावर ठेवला. "मला नाय चालत. तुमी खा, नि सांगा कसा हाय."

चाचांनी सावकाश चावला. "तुरट," म्हणाले.

"खरं?" चाचीनं बशी माझ्याकडे सरकवली. "तू बघ गं."

मी खाल्ला. गोड होता, तोंड भरून गोड. चाचा भिंतीकडे बघत होते.

"तुरटच आहे," मी म्हणाले.

चाची हसली. "मी सांगत नव्हते? आपल्याकडं नाय पिकायचा."

पाऊस सुरू झाला आणि त्याच महिन्यात ती गेली. मला रडू आलं नाही. चाचांनाही नाही. माणसं येत होती, बसत होती, उठत होती. मी कप विसळत होते आणि पाणी हाताला गार लागतं की कोमट, तेही कळत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. नुसतं सुन्न वाटत होतं.

सगळे गेल्यावर चाचा ओट्यावर येऊन बसले.

"पोरी, तुला गोड लागला होता ना?"

"हो."

"मला पण," ते म्हणाले. "पिकला होता गं. तिला सांगितलं नाय आपण."