सोनाक्काचा खड्डा

वडगावात आमच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी यायचं. कधी दहा. आलं की कुणीतरी कोपऱ्यावरून कानडीत ओरडायचं, "नीर बंतु." मग मराठी काय, कानडी काय, सगळी गल्ली घागरी घेऊन बाहेर. मी मराठी शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, पण त्या दोन शब्दांनी जेवढी माणसं उठवली तेवढी माझ्या छडीने एका वर्गात उठवली नाहीत.

समोरच्या सोनाक्काला मात्र घागरी मांडत बसावं लागायचं नाही. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत टाकी होती, फरशीखाली झाकलेली. पाणी आलं की पाइप आत सोडायचा आणि गप बसायचं. मला त्या टाकीचा हेवा वाटे, खोटं कशाला बोलू? माझ्याकडचं संपलं की दोन कळशा तिथूनच यायच्या.

ती टाकी म्हणजे सोनाक्काच्या हातमागाचा खड्डा होता.

हातमागावर विणणारा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाखालच्या पट्ट्या दाबायच्या, उजव्या हाताने दोरी ओढायची की धोटा इकडून तिकडे पळतो, डाव्या हाताने फणी ठोकायची. सोनाक्का वयाच्या बाराव्या वर्षापासून हे करत होती. तिने विणलेल्या साड्या शहापूरच्या व्यापाऱ्याकडे जायच्या, तिथून खडेबाजारातल्या दुकानांत. तिच्या अंगावर मात्र कायम गिरणीची साडी. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "आक्का, हलवायाच्या घरी साखर नाही काय?" ती हसली नाही. म्हणाली, "एक इणणार हाय, बाई. माझी मला. हिरवी, आणि काठ माझ्या डोक्यातला."

एकोणीस वर्षांपूर्वी तिने खरंच सुरुवात केली. स्वतःचं सूत आणलं, ताण्याचे उभे धागे चढवले, हातभर कापड विणलं. काठावर बारीक चिंचेच्या पानांची नक्षी होती, मी पाहिली आहे. आणि त्याच आठवड्यात तिचा मुलगा दिग्विजय पिवळा पडला. दहा वर्षांचा होता. कावीळ. गल्लीतल्या विहिरीचं पाणी पिऊन निम्मी पोरं आजारी पडली होती. डॉक्टर म्हणाले, नळाचंच पाणी, तेही उकळून. पण आठ दिवसांचं नळाचं पाणी साठवायचं कशात? दीड खोलीचं घर, त्यात माग.

तिचा नवरा नागोजी अण्णा दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होता. आक्काच म्हणाली, "खड्डा हायच की. जरा खोल करा आन् शिमिट मारा."

मी तेव्हा तिथेच होते आणि शहाण्यासारखं म्हणाले, "बरोबर आहे. आधी पोटोबा, मग विठोबा." आक्काने माझ्याकडे पाहिलं. "व्हय बाई. पर इठोबा थांबतोय का तवर?" मला म्हण पाठ होती, तिच्यापुढचं काही माहीत नव्हतं.

माग सुटला. त्याची लाकडं मोरीत घागरी ठेवायला गेली. विणलेलं हातभर कापड, फणी आणि फणीत अडकलेले ताण्याचे धागे तिने कापून वेगळे केले नाहीत. विणकर फणी कधी मोकळी करत नाही, जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवतो, म्हणजे नवा ताणा आला की धाग्याला धागा गाठून पुढे जाता येतं. फणी मोकळी केली तर माग संपला. आक्काने ते सगळं जुन्या कापडाच्या एका धडप्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. अण्णा म्हणाला होता, "रोज पाणी यायला लागलं की तुझा खड्डा तुला परत." मग ती घरीच लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत बसली, अठरा वर्षं. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेला. पाणी काही रोज आलं नव्हतं.

गेल्या वर्षी आलं. गल्लीत नवे पाइप पडले, नवे नळ बसले आणि एका सकाळी पाणी आलं ते गेलंच नाही. बायका दिवसभर उगाच नळ सोडून बघत होत्या. मीही बघितला, चार वेळा.

आक्काचं घर आता मागे वाढलं होतं. दिग्विजयने दोन यंत्रमाग टाकले होते, सूनबाई स्वरूपा शिवणाचं बघायची, ताटात दोन वेळचं व्यवस्थित होतं. पाणी आल्यावर दिग्विजयने पुढच्या खोलीचं माप घेतलं. टाकी आता कशाला? ती बुजवायची, वर फरशी घालायची आणि तिसरा माग टाकायचा. त्यात त्याचं काय चुकलं? गवंडी ठरला, वाळू दारात येऊन पडली. आक्का वाळूला वळसा घालून ये-जा करत कांड्या भरत राहिली. मी दोनदा तिला म्हटलं, "बोला की पोराशी." ती म्हणाली, "त्येचं पोट हाय त्ये. मी काय बोलू?"

गवंडी यायचा त्या सकाळी मी समोर गेले. टाकी रिकामी केली होती. आक्का घासायला म्हणून आत उतरली होती आणि घासून झाल्यावर काठावरून उठलीच नव्हती. खड्ड्याच्या काठावर, जिथे पूर्वी बसायची तिथे, पाय आत सोडून बसली होती. डोळे उघडेच होते. उजवा हात हवेत खाली ओढला जात होता, डावा पुढे-मागे होत होता आणि खाली पाय, ओल्या सिमेंटला न पोचता, आळीपाळीने दाबले जात होते. तिला कळत होतं की नाही, देव जाणे.

दिग्विजय दारात उभा होता. हळूच म्हणाला, "बाई, आई काय कराय लागलीया?"

मी म्हटलं, "विणतेय. स्वतःसाठीची साडी. तुला कावीळ झालती ना, त्या आठवड्यात सोडलेली."

कावीळ त्याला आठवत होती, पण त्या साडीचं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तो बाहेर जाऊन गवंड्याला म्हणाला, "बुजवायचं न्हाय. तळाला इटा घालून जरा वर घ्या. आईचे पाय टेकतील एवढंच."

शहापूरच्या शामू सुताराने मोरीतली लाकडं काढून, दोन नवी घालून माग उभा केला. आक्काने माळ्यावरचं धडपं सोडलं. हातभर हिरवं कापड विटलं होतं, पण चिंचेची पानं जागेवर होती. फणीमागचं लांब सूत मात्र मेलं होतं, ओढलं की तुटायचं. आक्काने तेवढं टाकून दिलं, नवा ताणा आणला आणि फणीतल्या जुन्या टोकांना एकेक धागा गाठायला बसली. तीन हजारांच्या आसपास धागे. आठ दिवस गेले. मला भीती होती की जुनी टोकं ताण सोसणार नाहीत. ती म्हणाली, "खड्ड्यात ओल हाय, बाई. एवढी वर्सं पाणी प्यालाय त्यो. ओलीला सूत लवतंय." आणि खरंच, फार थोडे तुटले.

स्वरूपाने सुचवलं, "आत्या, विटकं तेवढं कापून टाकूया की, नवं चांगलं दिसंल."

"ऱ्हाऊ दे गं. त्ये कमरंला आत खोचायचं. दिसत न्हाय. पर त्येच्यावरच साडी ऱ्हाती."

तिने घाई केली नाही. डोळे साथ देत नव्हते, दिवसाला वीतभर. कधी नुसतीच बसून राहायची. एकदा म्हणाली, "ह्येंनी परत देतो म्हटलंतं. दिला न्हाय. पोरानं दिला." मग डोळे पुसून पुन्हा दोरी ओढली.

नवरात्रात ती माझ्या दारात आली. हिरवी साडी, काठाला चिंचेची पानं, आतल्या बाजूला कुठेतरी गाठींची एक ओळ. तिला साडी चांगली दिसत होती, आणि अण्णा नव्हता.

ती पाटावर बसली. चहा घेतला. मग सहज विचारलं, "बाई, पेन्शन हाय, पोरगी सुखात, पाणी चोवीस तास. तुमी काय बाजूला ठिवलंतं?"

मी हसून म्हटलं, "माझं काय राहिलंय, काही नाही."

ती गेल्यावर कप विसळायला नळ सोडला. काहीतरी होतं. बारा-तेरा वर्षांची असताना, काहीतरी होतं नक्की. कप केव्हाच स्वच्छ झाला होता. मी तशीच उभी राहून आठवत होते, आणि ते मला आठवत नव्हतं.